‘दुहेरी सहा’ची जगाने घेतलेली दखल

२ ऑगस्ट २०१०, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा असतात. पण बहुतेक जण आधी मोठे होतात आणि मग आठवून आठवून लिहितात, त्यात चुका होतात. मी आधीच लिहून ठेवतो आहे.

सद्यस्थिती. नाव रादामेस पोलांको. वय छप्पन. मोका गावात फोटोकॉपी आणि पासपोर्ट-फोटोचं दुकान. बायको नूरिस, मुलींच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकवते. मुलगी लग्न होऊन राजधानीत. शिवाय डॉमिनो या खेळावर शास्त्रशुद्ध लिहिणारा ब्लॉग, नाव ‘दुहेरी सहा’ (दोन्ही टोकांना सहा ठिपके असलेली, सगळ्यात जड सोंगटी). असा दुसरा ब्लॉग जगात नाही. (शोधलेला नाही.)

काल जेवताना नूरिसने विचारलं, हा ब्लॉग वाचतं कोण? मी समजावलं की ब्लॉगची पत वाचकांवर ठरत नाही, बॅकलिंकांवर ठरते. म्हणजे दुसऱ्या कुणी त्याच्या पानावर आपल्या पानाची लिंक दिली, की आपली पत वाढली. लग्नाच्या बाजारात चार लोकांनी नाव घ्यावं लागतं, तसंच. ती म्हणाली, मग तुझं नाव किती जणांनी घेतलंय?

भात छान झाला होता, असं मी म्हणालो.

संकल्प: नाताळच्या आत शंभर बॅकलिंका.

३ ऑगस्ट

सर्च अलर्ट लावला. युक्ती सोपी आहे. कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवायचं, की जगात कुठेही ‘दुहेरी सहा’ दिसलं, कुणी माझी लिंक दिली, की मला मेल पाठव. आपण आपलं काम करावं, तो शोधत राहतो. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. हे तसंच आहे, पण उचकीत आठवण कुणी काढली ते कळत नाही. यात पत्त्यासकट कळतं.

दुपारी लाइट गेले. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट चालते, पंखा किंवा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर लावला. पासपोर्ट-फोटोला आलेल्या बाई घामाघूम होऊन गेल्या. मोठ्या कामात असं व्हायचंच.

४ ऑगस्ट, सकाळ

अलर्ट!! एकदम चौदा!

एक: अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या आपल्या बानी गावच्या पोराने दुहेरी फटका मारला, संघाच्या सहा धावा झाल्या. दोन: स्पेनमधलं हॉटेल, दुहेरी खोल्या, सहा रात्रींची सवलत. तीन: कुठल्याशा रस्त्याचं दुहेरीकरण, सहा किलोमीटर. बाकी पुन्हा बेसबॉल. माझं नाव थेट कुठे नाही. पण क्रीडा, पर्यटन आणि बांधकाम या तीन क्षेत्रांत माझे शब्द फिरू लागले आहेत हे कुणी नाकारू शकणार नाही.

संध्याकाळ

नूरिसला दाखवलं. म्हणाली, "अवतरण चिन्हात टाक ते शब्द. आणि हॉटेलवाल्याने तुझी दखल घेतलेली नाही, राजा. त्याला खोल्या भरायच्यात."

अवतरणात टाकले. तासाभरात शून्य. अवतरणं काढली. बायको विषयाची जाणकार असली तरी तिला उमेद द्यायची कला नाही.

५ ऑगस्ट

चागोच्या कोलमादोसमोर नेहमीची बैठक. चागोचं दुकान म्हणजे आत तांदूळ, सलामी आणि फ्रिजमधली बिअर, बाहेर फुटपाथवर डॉमिनोचं टेबल. माझा भिडू तुलिओ. माझ्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे माझा कोंपाद्रे. नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. समोर फेलो आणि किको, टायर पंक्चर काढणारे दोघे भाऊ. वीसेक वर्षं हीच मांडणी आहे.

आज मी तिसऱ्या फेरीतच डाव बंद करून टाकला. शास्त्रशुद्ध चाल. डाव बंद म्हणजे कुणालाच पुढे सोंगटी लावता येत नाही; मग हातात उरलेले ठिपके मोजतात, ज्यांचे जास्त ते हरले. तुलिओच्या हातात सगळ्या जड सोंगट्या निघाल्या. मी विचारलं, आधी का नाही काढल्यात? तर म्हणाला, "कोंपाद्रे, तुम्ही मला खेळूच कुठे दिलंत?"

नूरिस ब्रेड घ्यायला आली होती. जाताजाता म्हणाली, "दुहेरी पाच ठेवायची होतीस." बायकांना बघ्याची भूमिका सोपी असते.

हरलो. आमच्या जोडीचा लंगडा पाय कुठला हे उघड आहे. बोललो नाही. मैत्री आहे.

९ ऑगस्ट

लिंका आपणहून येत नाहीत, पेराव्या लागतात. आज दिवसभर दुसऱ्यांच्या ब्लॉगांवर जाऊन प्रतिक्रिया दिल्या, खाली माझा पत्ता. लग्नाच्या केकवरचा ब्लॉग (बोलिव्हिया): "सुंदर केक. डॉमिनोतही असेच थर असतात. पाहा: दुहेरी सहा." दातांच्या दवाखान्याचा ब्लॉग: "सोंगट्याही पांढऱ्याशुभ्र हव्यात. पाहा." एका मयताच्या शोकसंदेशाखालीही दिला, पण तिथे आधी सांत्वन केलं.

संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी प्रतिक्रिया पुसून टाकल्या. केकवालीने वर एक शब्दही लिहिला, तो इथे लिहीत नाही.

१२ ऑगस्ट

पहिली खरी लिंक! पान परदेशी आहे, लिपी ओळखीची नाही. निळ्या गोळ्यांची चित्रं आहेत आणि मधेच माझा संपूर्ण पत्ता. वैद्यकीय क्षेत्र.

त्या गोळ्या कशाच्या आहेत ते नूरिसने सांगितलं. मी म्हटलं, वैद्यकीयच झालं ना ते?

१६ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. सगळीकडे झेंडे. माझ्याही मनात झेंडे.

चार दिवस रोज अलर्ट येतोय: कुणीतरी माझ्या जुन्या लेखांच्या लिंका देतोय. अत्यंत समजूतदार माणूस. नेमके चांगले लेख निवडतो. त्याची भाषा वाचून डोळ्यात पाणी आलं, इतके आमचे विचार जुळतात. ‘यासंबंधी सविस्तर विवेचन येथे पाहावे’ असं लिहितो. येथे पाहावे! मीही असंच लिहितो. त्याला शोधून पत्र लिहायचं ठरवलं.

दुपारी नूरिसला वाचून दाखवलं. तिने पडदा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "रादामेस, हा तूच आहेस. तुझ्या नव्या पोस्टमध्ये तू तुझ्याच जुन्या पोस्टची लिंक दिलीस."

हं.

तरीही, लेखन खरोखर चांगलं होतं. तटस्थपणे वाचलं तेव्हा जाणवलं.

२० ऑगस्ट

कालही हरलो, परवाही. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. विज्ञानात मैत्री आड येऊ देऊ नये.

आज पोस्ट टाकली: ‘भिडू कसा वाचावा’. सिद्धांत असा की भिडू कितीही बेताचा असला तरी त्याच्या खाणाखुणा ओळखून खेळलं तर शास्त्र त्याला तारून नेतं. उदाहरण म्हणून एक व्यक्ती घेतली. हातात दुहेरी सोंगटी अडकली की ही व्यक्ती डावा कान खाजवते. चौकडे, म्हणजे चार ठिपक्यांच्या सोंगट्या, संपले की गुणगुणते. हात उत्तम असला की बिअरला तोंड लावत नाही. शेवटी लिहिलं, "अशा भिडूबरोबर इतकी वर्षं तग धरणं हेच एक शास्त्र आहे."

ओळख पूर्ण गुप्त ठेवली आहे. फक्त ‘टी., मोकाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला’ एवढंच.

२८ ऑगस्ट, शनिवार

तारीख लिहून ठेवावी अशी. अलर्ट. खरी, माणसाने माणसाला दिलेली लिंक. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये आपल्या लोकांचं डॉमिनोचं मंडळ आहे, त्यांच्या पानावर! ‘भिडू कसा वाचावा’ची लिंक आणि वर एक ओळ: "हे बघा, स्वतःच्या भिडूची चावी गावाला देणारा महापुरुष." खाली शंभरावर प्रतिक्रिया, बहुतेक हसण्याच्या. माझी विनोदबुद्धी पोचली.

महापुरुष. त्यांचा शब्द, माझा नाही.

नूरिसला सांगितलं. तिने पोस्ट वाचली. मग म्हणाली, "तुलिओला दाखवलंस?" मी म्हटलं, तो कुठे काही वाचतो? म्हणाली, "काढून टाक ती, रादामेस." ब्रॉंक्सहून लिंक आलेली पोस्ट काढून टाक! हिला मत्सर वाटू लागला असेल का? संसारात हे व्हायचंच, एकजण पुढे गेला की.

३१ ऑगस्ट

आज फेलो दुकानात आला. टायरवाला फेलो. हातात पेन ड्राइव्ह. म्हणाला, "डॉन रादामेस, यातलं छापून द्या ना. एक प्रत, ठळक." उघडून बघतो तर माझीच पोस्ट! चागोची बहीण न्यूयॉर्कला असते, तिने चागोला फोन करून सांगितलं, चागोने सगळ्यांना. मी थरारलो. टायरच्या काळ्या हातांत माझं लेखन! पैसे घेतले नाहीत. वर सही करून दिली. त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, छातीशी. म्हणाला, "फार उपयोगाचं आहे हो."

जाताना किकोसाठी म्हणून आणखी एक प्रत मागितली.

३ सप्टेंबर

हरलो. चार डाव, चारही. फेलो-किको अचानक फार चांगलं खेळू लागलेत. माझ्या लेखांचा परिणाम असणार. गावाची पातळी उंचावते आहे.

६ सप्टेंबर

हरलो. आज तर तुलिओने कान खाजवला मात्र, किकोने डोळे मिटून अशी सोंगटी टाकली की तुलिओची दुहेरी सहा हातातच मेली. किको पिशाच्च झालाय.

तुलिओ फार उतरलाय. म्हणाला, "कोंपाद्रे, काय होतंय कळत नाही. माझ्या सोंगट्यांच्या आरपार दिसतंय वाटतं त्यांना." वय होतंय त्याचं. माझ्याहून एक वर्षाने लहान आहे, पण वय सगळ्यांचं सारखं होत नाही.

१० सप्टेंबर

हरलो. सगळा मोहल्ला हल्ली आमचा डाव बघायला जमतो. तुलिओ गुणगुणू लागला की हशा पिकतो. कशाला हसतात कळत नाही. तुलिओनेही विचारलं, "एवढं हसण्यासारखं काय आहे?" चागो तोंडावर फडकं धरून आत गेला.

१४ सप्टेंबर

वाचकांचा आग्रह (फेलोने विचारलं, "पुढचा भाग कधी, डॉन रादामेस?"). दुसरी पोस्ट टाकली: ‘भिडू कसा वाचावा: अधिक निरीक्षणे’. टी. एकेक सोंगटी कुठल्या क्रमाने उभी करतो, त्यात जड कुठल्या टोकाला असतात, घाबरला की चप्पल काढतो वगैरे. आकृतीसह.

ब्रॉंक्सवाल्यांनी तासाभरात लिंक दिली. मग सांतियागोच्या एका पानाने. मग पोर्तो रिकोच्या. अलर्टवर अलर्ट. एकूण खऱ्या लिंका सात!! गोळ्यावाले धरून आठ.

पोस्ट टाकल्यापासून नूरिस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. यशाची किंमत.

१७ सप्टेंबर

ऑक्टोबरात चर्चच्या जत्रेत डॉमिनोची मोठी स्पर्धा असते. बक्षीस चषक आणि जिवंत बोकड. गेली चार वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाद. यंदा नाव द्यायचं ठरवलं: ‘पोलांको आणि तुलिओ’. नावासमोर ब्लॉगचा पत्ताही लिहा म्हणालो. पाद्रीबाबा म्हणाले, रकाना नाही.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. भर दुपारी खेळायला बसलो. गर्दी तुफान.

तुलिओने कान खाजवला. किकोला हसू आवरेना. म्हणाला, "तुलिओ, राहू दे तो कान. आम्हाला कळलं." तुलिओ म्हणाला, काय कळलं? किको म्हणाला, "दुहेरी अडकलीय ते! सगळं छापून आलंय की. तुझ्या कोंपाद्रेंनीच लिहिलंय. प्रतसुद्धा त्यांनीच फुकट दिली." आणि फेलोने खिशातून कागद काढला. माझी सही असलेला.

तुलिओने उभ्या उभ्या वाचला. दोन्ही पानं. गाणं चालू होतं ते चागोने बंद केलं, तेव्हा फार शांत वाटलं. वाचून झाल्यावर तुलिओने कागदाची पुन्हा नीट घडी घातली, फेलोला दिली, सोंगट्या पालथ्या ठेवल्या आणि चप्पल घालून घरी गेला.

भारावला असावा. एवढं सविस्तर आपल्यावर कुणी लिहिलेलं प्रथमच वाचलं की माणसाला शब्द सुचत नाहीत.

रात्री जेवलो नाही. उकाडा फार आहे.

२७ सप्टेंबर

तुलिओ खेळायला येत नाही. बँडचा सराव असणार, जत्रा तोंडावर आली. बँडच्या खोलीवरून सहज गेलो. सराव नव्हता.

२८ सप्टेंबर

कोलमादोसमोरून दोनदा गेलो. दूध हवं होतं. घरी आल्यावर नूरिस म्हणाली, "दूध आहे की." मी म्हटलं, असू दे. आता घरात दुधाचे तीन डबे आहेत.

अलर्ट: तीन लिंका. उघडल्या नाहीत. लाइट नव्हते. (होते.)

३० सप्टेंबर

तुलिओ घरी आला! मी लगबगीने कॉफी टाकायला निघालो, तर म्हणाला, "बसा तुम्ही. माझं नूरिसकडे काम आहे." अंगणात दोघं बोलत बसली. खिडकीपाशी मला कुंडीला पाणी घालायचं होतं, म्हणून तिथे होतो. ऐकू आलं ते असं:

तुलिओ: "स्पर्धेला भिडू हवाय मला."

नूरिस: "अरे, मी कधी टेबलावर बसले नाही."

तुलिओ: "पण बघत आलीस ना? त्या दिवशी दुहेरी पाचचं तू बोललीस ते बरोबर होतं. मी तेव्हाच म्हणणार होतो, पण कोंपाद्रेंना वाईट वाटलं असतं."

नंतर बराच वेळ हलक्या आवाजात आणि हसणं. कुंडीत पाणी फार झालं.

रात्री नूरिसला शांतपणे विचारलं, हे शोभतं का? ती म्हणाली, "तू लिहिलंस ते शोभलं का?" हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या वेगळा आहे.

१ ऑक्टोबर

काही हरकत नाही. नवा भिडू शोधतो. बरं झालं, शास्त्राला नवं रक्त मिळेल.

चागो म्हणाला दुकान सोडता येत नाही. औषधवाला म्हणाला पाठ दुखते. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, "मी पंच आहे." शेवटी न्हावी खरं बोलला: "डॉन रादामेस, उगाच कशाला? उद्या माझंही लिहाल. मला बायकोलासुद्धा कळू नये अशा दोनतीन सवयी आहेत."

लेखणीचा दरारा म्हणतात तो हा.

३ ऑक्टोबर

स्पर्धेला खेळाडू म्हणून न जाता पत्रकार म्हणून जायचं ठरवलं. खेळणारे पुष्कळ असतात. दुकानात छायाचित्रासह ओळखपत्र तयार करून प्लास्टिकमध्ये घातलं.

१० ऑक्टोबर, रविवार

स्पर्धा. सकाळपासून चर्चच्या पटांगणात. बोकड एका खांबाला बांधलेला. मी ओळखपत्र गळ्यात घालून पहिल्या रांगेत. एका म्हातारबाबांनी विचारलं, संडास कुठे आहे?

नूरिस आणि तुलिओ पहिली फेरी जिंकले. दुसरी जिंकले. नूरिस सोंगटी टेबलावर आपटते तेव्हा चर्चची कबुतरं उडतात. इतक्या वर्षांत हा आवाज घरात कधी ऐकला नाही. कदाचित दारं आपटली जायची तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

अंतिम डाव फेलो-किकोंशी. फेलोचा हात सारखा खिशाकडे.

आणि तुलिओने कान खाजवला. पहिल्याच फेरीत. मग पुन्हा. मग गुणगुणायला लागला. बिअर दूर सारली. चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. सगळी लक्षणं एकदम! शास्त्राप्रमाणे त्याच्याकडे दुहेरी सहा होती, दुहेरी पाच होती, चौकडे नव्हते, हात उत्तम होता आणि तो घाबरलेला होता. फेलोने कागद काढला, किकोशी नजरानजर केली, दोघांनी दुहेऱ्या मारायला सगळा डाव खर्ची घातला. आणि तुलिओकडे एकही दुहेरी नव्हती. होत्या त्या नूरिसकडे, आणि ती बाई पापणी न हलवता बसली होती. एकेक करून तिने सगळ्या टेबलावर आपटल्या. शेवटची आपटली तेव्हा पाद्रीबाबांचा चष्मा खाली पडला.

जिंकले! बँडने वाजवलं. तुलिओने एका हातात चषक आणि दुसऱ्या हातात क्लॅरिनेट धरून स्वतःच वाजवलं. फेलो माझ्याकडे येऊन ओरडला, "तुमचं शास्त्र म्हणजे फसवणूक आहे! माझा कागद परत घ्या!"

घरी येताना विचार केला. माझ्या पोस्टशिवाय हा विजय शक्य होता का? नव्हता. म्हणजे खरा शिल्पकार कोण? नूरिसला सांगितलं. ती बोकडाला दोरीने ओढत होती, म्हणाली, "हो हो, दार उघड."

११ ऑक्टोबर

अर्धा बोकड आपल्याकडे, अर्धा तुलिओकडे. रस्सा झणझणीत झाला होता. तिखट लागल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. नूरिसने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

१३ ऑक्टोबर

अलर्ट! आपल्याच मोकाच्या बातम्यांच्या पानावर, विजेत्यांच्या मुलाखतीत, थेट ‘दुहेरी सहा’ची लिंक! आपल्या गावाने घेतलेली पहिली दखल. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, म्हणजे निवांत वाचता येईल.

प्रश्न: "तुम्ही हा खेळ कुठे शिकलात?" नूरिसचं उत्तर: "नवऱ्याचा ब्लॉग आहे, तो मी पहिल्यापासून वाचते. एकही पोस्ट सोडलेली नाही. त्यात जे लिहिलंय त्याच्या बरोबर उलट खेळायचं."

‘ब्लॉग’ या शब्दावर लिंक. निळी, ठळक.

पुन्हा वाचलं. शटर वर केलं. एकाच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रती काढल्या.

म्हणजे एक वाचक होती. पहिल्यापासून. घरातच. मी हे सगळं जगभर शोधत होतो.

१४ ऑक्टोबर

टी.बद्दलच्या दोन्ही पोस्ट काढून टाकल्या. तांत्रिक कारण. ब्रॉंक्सच्या लिंका आता कुठेच जात नाहीत. अलर्टमध्ये त्यांचं काही सांगण्याची सोय नाही.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

तुलिओ दुकानात आला. बँडच्या स्वरलिपीच्या प्रती काढायच्या होत्या. मशीन गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आम्ही दोघं उभे.

मी म्हटलं, ते टी. म्हणजे तुम्हीच असं काही मी म्हटलेलं नव्हतं. तो म्हणाला, "कोंपाद्रे, बँडमध्ये क्लॅरिनेट एकच आहे."

मशीन अजून गरम होत होतं.

मग म्हणाला, "सगळं वाचलं मी. घरी बायकोलाही दाखवलं. ती म्हणाली, तुझ्याकडे इतकं निरखून मीसुद्धा कधी बघितलं नाही." हसला. मग हसला नाही. "राग त्याचा नाही. तुम्ही लिहिलंत की माझ्याबरोबर तग धरलात. कोंपाद्रे, तग तर मी धरला. वीस वर्षं डाव बंद करताय तुम्ही, मी एकदा तरी बोललो?"

मी म्हटलं नाही. म्हणजे, तो बोलला नव्हता, हे मी मान्य केलं. आणखीही काही म्हणायचं होतं, पण मशीन सुरू झालं आणि त्याचा आवाज फार आहे. प्रती काढल्या. पैसे द्यायला लागला तर मी त्याचा हात दाबून धरला, जरा जास्तच वेळ. तो म्हणाला, "असू द्या, असू द्या."

दारातून परत वळून म्हणाला, "शनिवारी या. नूरिसला आणि मला सांतियागोच्या स्पर्धेचं बोलावणं आलंय. सरावाला समोर कुणीतरी हवं."

मी विचारलं, फेलो-किको?

"त्यांच्याशी हरायची भीती असते," तुलिओ म्हणाला. "सुरुवातीला जरा हात बसू दे."

एकंदरीत माझी गरज त्यांना भासू लागली आहे.

२३ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. समोर नूरिस आणि तुलिओ. चागोने माझ्यासाठी भिडू म्हणून आपल्या सासूबाईंना बसवलं. दोन्या (म्हणजे बाईसाहेब) मेलिदा, वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी. कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यामुळे या गावात माझ्याविषयी पूर्वग्रह नसलेली ही एकमेव व्यक्ती. उमेद वाटली.

मी तिसऱ्या फेरीत डाव बंद केला. बाईंच्या हातात सगळ्या जड सोंगट्या निघाल्या.

त्यांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता हो?"

मी जरा मोठ्याने सांगितलं, की मी डॉमिनोवर लिहितो.

त्यांनी मान डोलावली. माझ्या हातावर हात ठेवून मायेने म्हणाल्या, "मग लिहीतच बसायचं होतंस रे बाळा."